समुद्राचा तळ कोणी मोजावा?

(एक घाऊक धान्य व्यापारी, अनगोळ)

यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा बाजारभाव, सेस अथवा वखारीचे भाडे यांपैकी एखादा नेहमीचा विषय मी घेईन, अशीच मंडळींची अपेक्षा असणार. माझाही बेत तोच होता. परंतु गेल्या दिवाळीत वहीपूजनापूर्वी माळ्यावरचा जुन्या दप्तराचा पेटारा उघडला आणि आजोबांच्या हातची एक मोडी चोपडी हाती आली. मोडी मला वडिलांनी शिकविली, तीही अडखळत वाचण्यापुरतीच. त्या चोपडीत घाटाखालच्या एका लहान बंदराच्या खात्यावर एक नोंद आहे. साठ ढेपा गूळ गलबतात चढविला, गलबत बंदराच्या तोंडाशी वाळूत बसले, माल भिजला, तूट खर्ची. एवढेच.

गूळ भिजला म्हणजे काय होते ते धान्यवाल्याला सांगावयास नको. तांदूळ भिजला तर वाळवून कण्या तरी विकता येतात. गूळ पाण्यात गेला की गेला. या नोंदीमागची हकीकत वडिलांच्या तोंडून मी ऐकली होती. आजोबा बैलगाडीने घाट उतरून स्वतः बंदरावर गेले. गलबताचा तांडेल म्हणाला, ‘गेल्या हंगामात येथे अडीच वाव पाणी होते.’ धक्क्यावरचा कारकून म्हणाला, ‘वाळू सरकते, तिला कोण बांधून ठेवणार?’ अडत्याने हात वर करून सारे दैवावर टाकले. आजोबांनी तिघांनाही एकच प्रश्न केला, ‘पाणी किती आहे हे सांगणे काम कोणाचे?’ त्याचे उत्तर त्यांना मिळाले नाही. त्या प्रश्नाचा मी माझ्या परीने थोडा शोध घेतला आणि जे हाती लागले ते येथे मांडीत आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि समुद्र मी आयुष्यात दहा-बारा वेळाच पाहिलेला, हे वाचकांनी आधीच ध्यानी घ्यावे.

कोणी म्हणेल, अनगोळच्या माणसाला समुद्राची उठाठेव कशाला? पण आपला बाजार समुद्रापासून कधीच दूर नव्हता. वेंगुर्ले हे एके काळी बेळगावचेच बंदर होते. तेथे डचांची वखार होती; सावंतवाडीकरांकडून ते बंदर १८१२ साली इंग्रजांच्या हाती गेले; पुढे आंबोली घाटाचा रस्ता झाला आणि आपल्याकडील माल त्या वाटेने खाली उतरू लागला. १८८० च्या दशकात लोहमार्ग लोंढ्यावरून मुरगावला जाऊन भिडला, तेव्हा वेंगुर्ल्याची रया गेली आणि आपला माल पोर्तुगिजांच्या बंदरातून जाऊ लागला. आज तर गोष्ट आणखी पुढे गेली आहे. भारत सरकारने तूर खरेदीचा करार २०१६ साली मोझांबिकशी केला. टांझानियाची तूर, ब्रह्मदेशाचा उडीद यांची नावे आता आपल्या हमालांनाही पाठ आहेत. रविवार पेठेत एखादे पोते उसवले तर खाली सांडणाऱ्या तुरीने हिंदी महासागर ओलांडलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे. ते जहाज खडकावर चढले नाही, वाळूत रुतले नाही, याचे श्रेय कप्तानाला आहेच. परंतु त्याच्यासमोर जो सागरी नकाशा पसरलेला असतो तो करणाऱ्याला त्याहून अधिक आहे.

हा नकाशा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. पूर्वी दोरीला शिशाचा गोळा बांधून तो पाण्यात सोडीत आणि दोरी किती वाव गेली ते मोजीत. आता जहाजातून तळाकडे ध्वनी सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास किती वेळ लागला यावरून खोली काढतात. परंतु केवळ खोली सांगून भागत नाही. भरतीच्या वेळची खोली की ओहोटीच्या वेळची? यासाठी प्रत्येक नकाशाला एक शून्य ठरवावे लागते. हे शून्य अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीला धरतात, म्हणजे नकाशात लिहिल्यापेक्षा कमी पाणी सहसा मिळू नये. हिंदुस्थानच्या भरती-ओहोटीसाठी अशी एक पातळी जॉर्ज डार्विन या गणित्याने सुचविली. उत्क्रांतिवादाचा जनक चार्ल्स डार्विन याचा तो पुत्र.

आपणा व्यापाऱ्यांना यातील मर्म सांगावयास नको. १९५६ चा वजने-मापांचा कायदा होऊन किलो आणि लिटर येण्यापूर्वी गावोगावचा शेर निराळा, पायली निराळी. एका पेठेत पायलीने घेतलेले भात दुसऱ्या पेठेत मोजले की घट यावयाची आणि त्या घटीवरून दलाल, हमाल, मालक यांची भांडणे लागावयाची. प्रत्येक बंदराने आपले शून्य आपल्या मनाने धरले असते तर समुद्रावरही हेच झाले असते; फरक इतकाच की तेथे घट पोत्यात न येता जहाजाच्या तळाला भोक पडले असते. म्हणून माप एक असावे आणि ते राखणारा धनीही एक असावा, हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे असे मला वाटते.

या कामाची सुरुवात मुळी व्यापाऱ्यांनी केली, हे वाचून मला गंमत वाटली. ईस्ट इंडिया कंपनीने अलेक्झांडर डॅलरिंपल या गृहस्थास नकाशांच्या कामावर १७७९ साली नेमले. ब्रिटिश आरमाराला असे खाते काढण्याची बुद्धी १७९५ साली झाली, आणि प्रमुख म्हणून त्यांनी नेमला तोही हाच डॅलरिंपल. माल ज्याचा बुडतो त्याला मापाची निकड आधी कळते! आपल्या पश्चिम किनाऱ्याची मोजणी कंपनीच्या मुंबई आरमारातील मॅक्लूर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस केली, आणि पुढेही कंपनीच्या आरमारातील अधिकारी हे काम करीत राहिले.

मात्र १८६३ साली एक विचित्र गोष्ट घडली. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले होते. काटकसरीच्या धोरणाने हिंदुस्थानचे ते आरमारच मोडून टाकण्यात आले. किनाऱ्याच्या संरक्षणाचे काम विलायतेचे आरमार पाहील असे ठरले. पण तळ मोजण्याचे काय, हे कोणी नीट ठरविलेच नाही. कलकत्त्याने लंडनकडे पाहावे आणि लंडनने कलकत्त्याकडे. नकाशे जुने होत गेले, नद्यांची मुखे सरकत गेली. इंडिया ऑफिसमधील क्लेमेंट्स मार्कहॅम याने या हेळसांडीविरुद्ध लेखणी चालविली आणि अखेर १८७४ साली कलकत्त्यास सागरी सर्वेक्षणाचे स्वतंत्र खाते उघडण्यात येऊन ते टेलर या जुन्या अधिकाऱ्याच्या हाती दिले गेले. म्हणजे अकरा वर्षे एवढ्या मोठ्या किनाऱ्याला मापाचा धनी नव्हता. त्या अकरा वर्षांत किती व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत ‘तूट खर्ची’ असे लिहिले गेले असेल!

स्वातंत्र्यानंतर हे खाते भारतीय नौदलाकडे आले आणि १९५४ साली त्याचे कार्यालय डेहराडूनला गेले. समुद्राचे दप्तर हिमालयाच्या पायथ्याशी, हे ऐकून कोणालाही हसू येईल. पण जमिनीची मोजणी करणाऱ्या सर्व्हे ऑफ इंडियाचे ठाणेही तेथेच आहे. आज त्याला नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस म्हणतात आणि त्याच्या प्रमुखास भारत सरकारचे मुख्य जलसर्वेक्षक हे पद असते. या शास्त्राचे शिक्षण देणारी संस्था आपल्या शेजारी गोव्यात आहे, आणि ‘मकर’ नावाची मोजणी नौका २०१२ साली कारवारलाच नौदलात दाखल झाली. कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्याने बांधलेल्या ‘संधायक’ आणि ‘निर्देशक’ या मोठ्या नौका २०२४ साली व ‘इक्षक’ ही २०२५ साली कामावर रुजू झाली.

आता मुख्य प्रश्न. अमुक पाणी अमुक राष्ट्राने मोजावे, हे ठरते कसे? मला वाटले होते की जगातील बड्या राष्ट्रांनी कोठेतरी बसून समुद्र वाटून घेतला असेल. तसे नाही. नियम साधा आहे: किनारा ज्याचा, लगतचे पाणी त्याचे, आणि पाणी ज्याचे, मोजण्याचे ओझे त्याचे. १९२१ साली मोनाको येथे निघालेली आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्था (भारत तिचा १९५५ पासून सभासद आहे) मोजणीचे प्रकार आणि नकाशांच्या खुणा सर्वत्र सारख्या ठेवते, कोणता आंतरराष्ट्रीय नकाशा कोणी छापावा याचा मेळ घालते. आपल्या भागासाठी २००२ पासून उत्तर हिंदी महासागराचे निराळे आयोगही आहे. परंतु ही मंडळे पंचांसारखी आहेत, मालक नव्हेत. ओझे टाकणारा खरा कागद म्हणजे सागरी सुरक्षेचा १९७४ चा करार. त्याच्या पाचव्या प्रकरणातील नववा नियम २००२ पासून अमलात आहे. सही करणाऱ्या प्रत्येक सरकारने आपल्या पाण्याची माहिती गोळा करावी, नकाशे प्रसिद्ध करावेत आणि ते अद्ययावत ठेवावेत, असे तो सांगतो. मात्र मोजणी ‘शक्य तितकी’ करावी, असेही शब्द त्यात आहेत. असले शब्द हुंडीवर लिहिले तर आपल्यापैकी कोणी ती स्वीकारणार नाही. पण राष्ट्रांच्या करारांत ते चालतात.

ओझ्याबरोबर अधिकारही येतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याला भारताने १९९५ साली मान्यता दिली. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत परक्या जहाजाला निरुपद्रवीपणे जाण्यास मुभा आहे, पण जाता जाता मोजणी केली तर ते जाणे निरुपद्रवी राहत नाही, असे तो म्हणतो. बारा मैलांच्या पुढे दोनशे मैलांपर्यंत मात्र मतभेद आहे. तेथे परक्याने मोजणी करावयाची तर आपली परवानगी हवी, ही भारताची भूमिका. नको, ही अमेरिकेची. अमेरिकेने तर त्या कायद्यावर सहीच केलेली नाही.

त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने मला अधिक विचारात पाडले. हे बारा मैल मोजावयाचे कोठून? तर किनारी राष्ट्राने अधिकृत मानलेल्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर ओहोटीची जी रेषा दाखविली असेल तेथून. किनारा वेडावाकडा असेल तेथे सरळ रेषा धरण्याची सोय निराळी आहे. म्हणजे नकाशा केवळ खडक दाखविण्यासाठी नाही. राष्ट्राची समुद्रातील सीमा त्या कागदावरून सुरू होते. आपण सीमाभागातील माणसे. कागदावरची एक रेघ माणसाच्या आयुष्यात काय काय करू शकते हे आपणास कोणी शिकवावयास नको. तो वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि व्यापारी संघाच्या स्मरणिकेत मी त्यात शिरत नाही. परंतु आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यातील दुसऱ्या एका रेघेची गोष्ट सांगितल्याविना राहवत नाही.

कच्छ आणि सिंध यांच्या मधल्या दलदलीत सर क्रीक नावाची खाडी आहे. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. कच्छचे संस्थान आणि सिंध यांचा तंटा मिटविण्यासाठी मुंबई सरकारने १९१४ साली एक ठराव केला आणि त्यासोबत एक नकाशा जोडला. नकाशावरची हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठाने जाते, म्हणून सारी खाडी आमची, असे पाकिस्तान म्हणते. सीमा खाडीच्या मध्यप्रवाहातून जाते, असे भारत म्हणतो. खाडी ती केवढी! पण तिच्या मुखाशी सीमा कोठे टेकते यावरून पुढे समुद्रातील मोठा प्रदेश कोणाचा हे ठरावयाचे आहे. आणि खाडीचे पाणी तर दरसाल जागा बदलते. २००७ साली दोन्ही देशांच्या जलसर्वेक्षकांनी मिळून तेथील मोजणी केली. वैरी म्हणविणाऱ्यांनी एका पाण्यात शेजारी शेजारी माप टाकले ही मला मोठी गोष्ट वाटते. तंटा मात्र मिटलेला नाही. माप दोघांना मिळून घेता आले. मालकी ठरविता आली नाही.

दुसरे उदाहरण ताजे आहे आणि त्यावर आपल्या बाजारात बरीच तावातावाने चर्चा मी ऐकली आहे. मालदीवच्या पाण्याची मोजणी भारतीय नौदलाने करावी असा करार जून २०१९ मध्ये झाला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील नव्या सरकारने जाहीर केले की हा करार आम्ही पुढे वाढविणार नाही. आमचे पाणी आम्हीच मोजू. जून २०२४ मध्ये त्याची मुदत संपली. आमच्या चहाच्या कट्ट्यावर एक मित्र संतापून म्हणाले, ‘फुकट मोजून देत होतो, तेही यांना नको!’ मी त्यांना विचारले, ‘शेटजी, तुमची खतावणी शेजारच्या दुकानचा मुनीम फुकट लिहून देतो म्हणाला तर द्याल काय?’ ते गप्प बसले. मालदीवचा निर्णय शहाणपणाचा होता की नाही यावर माझे मत देण्याचे कारण नाही. परंतु तो त्यांच्या अधिकारातील होता. ज्याला आपले पाणी मोजण्याची ऐपत नाही त्याने दुसऱ्याची मदत घ्यावी आणि हवी तेव्हा ती थांबवावी, ही रीतच आहे. ब्रिटनने आपल्या कित्येक जुन्या वसाहतींचे नकाशे त्यांच्या स्वातंत्र्यानंतरही करून दिले. भारताने मॉरिशस, सेशेल्स, टांझानिया, मोझांबिक येथील काही पाणी मोजून दिले आहे. आपल्या दुकानी येणाऱ्या तुरीच्या वाटेवर आपल्याच नौकांचे माप पडलेले आहे, हे कळल्यावर मला तरी बरे वाटले.

तथापि ‘आमचे आम्ही मोजू’ असे म्हणणाऱ्याने ते खरोखर मोजले पाहिजे. अधिकार घेतला आणि ओझे टाकून दिले, तर १८६३ ची पुनरावृत्ती व्हावयाची. आणि हा न्याय मालदीवला लावावयाचा तर आपल्या घरालाही लावला पाहिजे.

आपल्या घरातील व्यवस्था पाहू. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीतील ६८ व्या नोंदीत जमिनीचे, भूगर्भाचे, वनस्पतींचे, प्राण्यांचे, मानववंशांचे सर्वेक्षण आणि हवामानखाते अशी सर्वांची नावे आहेत. समुद्राच्या मोजणीचे नाव त्यात नाही. नौदल आणि सागरी नौकानयन ही दोन्ही केंद्राकडे आहेत, त्यांच्या पोटात ते काम गेले आहे. मोठी बंदरे केंद्राकडे. इतर बंदरांचा विषय केंद्र व राज्ये यांच्या समाईक यादीत. परिणाम असा की आपल्या येथून एका दिवसाच्या प्रवासात जो किनारा लागतो, त्यावर मुरगाव केंद्राचे, वेंगुर्ले व रेडी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे (हे मंडळ १९९६ साली स्थापन झाले), गोव्यातील लहान बंदरे तेथील राज्य सरकारकडे, आणि कारवार कर्नाटकाकडे. बाहेरचा समुद्र नौदल मोजते. बंदराच्या हद्दीतील गाळ-वाळूचा हिशेब ज्याने त्याने ठेवावयाचा. मोठ्या बंदराकडे पैसा असतो, गाळ काढणारी यंत्रे असतात, मोजणी करणारी माणसे असतात. लहान बंदराकडे यांपैकी काय असते हे ज्याने त्याने जाऊन पाहावे.

मला यावरून एका घाटरस्त्याची आठवण येते. त्याचे नाव लिहीत नाही. दोन राज्यांची हद्द जेथे मिळते, नेमक्या त्याच जागी एक मोठा खड्डा पडला होता. अलीकडचे म्हणत, खड्डा पलीकडे आहे. पलीकडचे म्हणत, अलीकडे. दोन पावसाळे तो तसाच राहिला. दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या ट्रकचा धुरा तेथे मोडला आणि सोना मसुरीचे ऐंशी कट्टे रात्रभर पावसात राहिले. विम्याचे पैसे मिळाले, निम्म्याहून कमी. समुद्राच्या पाण्याखालचा खड्डा किंवा उंचवटा तर डोळ्यांना दिसतही नाही. तो दिसण्याचे साधन एकच, कोणीतरी वेळेवर घेतलेले माप.

यावर काही मंडळी उपाय सुचवितात की हे काम नौदलाकडून काढून मुलकी खात्याकडे द्यावे. अमेरिकेत ते मुलकी खातेच करते आणि १८०७ सालापासून करीत आले आहे. युद्धखात्याच्या हाती माहिती राहिली की ती गुप्ततेच्या कपाटात जाते, असा त्यांचा आक्षेप. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु मला हा बदल आवश्यक वाटत नाही. नौका, माणसे, शिस्त ही नौदलापाशी आहेत. सागरी व्यापाराचे नकाशे ते विक्रीस ठेवते. बिघाड नौदलात नसून जेथे त्याची हद्द संपते व बंदराची सुरू होते त्या सांध्यात आहे. १९०८ चा जुना बंदर कायदा जाऊन २०२५ साली नवा आला, त्यात राज्यांच्या सागरी मंडळांना अधिक बळ दिले आहे. बळ दिले हे चांगले झाले. परंतु अमुक बंदराचे तोंड अमुक महिन्यांत एकदा मोजलेच पाहिजे, मोजलेले अमुक दिवसांत डेहराडूनला गेलेच पाहिजे, आणि गेले नाही तर अमुक अधिकारी जबाबदार, असे नेमके शब्द असावेत, ही माझी मागणी आहे. ‘शक्य तितके’ हे शब्द बंदराच्या तोंडाशी तरी नकोत.

मापात किती फरक पडतो याचे एक उदाहरण देतो. आपण शाळेत भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर असे घोकले. अलीकडे अधिक सूक्ष्म प्रमाणाच्या नकाशांवरून पुन्हा मोजले तेव्हा तो ११,०९८ किलोमीटर भरला. किनारा एक वीतही वाढला नाही. खाड्या, वळणे, खाचा पूर्वी मापात धरल्याच नव्हत्या, त्या धरल्या गेल्या. एवढी लांबी जर अर्धशतक आपल्या हिशेबाबाहेर राहू शकते, तर लहानशा बंदराच्या तोंडावरील वाळूचा दांडा हिशेबाबाहेर राहिला यात नवल कसले?

काही वर्षांपूर्वी एका बंदराबाहेर आमच्या तुरीचे जहाज पुऱ्या भरतीची वाट पाहत खोळंबले होते. जहाज भारी होते आणि आतल्या वाटेत पाणी पुरेसे आहे की नाही याची खात्री कोणी देईना. दिवस गेले, डेमरेज चढले, आणि ते शेवटी किलोमागे भावात येऊन बसले. ते पैसे ग्राहकाने दिले. आपल्या अनगोळच्या विधवा आजीबाईने अर्धा किलो डाळ घेतली तीत तिनेही दिले. समुद्राची मोजणी हा जहाजवाल्यांचा विषय आहे असे म्हणणाऱ्यांना माझे हे उत्तर आहे.

आपल्या संघाने या बाबतीत काही करावे काय? मला वाटते, करावे. मोठे काही नव्हे. कोकण, गोवा आणि कारवार या तिन्ही बाजूंच्या लहान बंदरांत धक्क्यावर एक फलक असावा आणि त्यावर बंदराच्या तोंडाशी ओहोटीला पाणी किती व ते माप कोणत्या तारखेस घेतले, एवढ्या दोन गोष्टी मराठी-कोंकणी अथवा कन्नड, जेथे जी चालते त्या भाषेत लिहिलेल्या असाव्यात. तारीख जुनी असेल तर ती जुनी म्हणून दिसेल. लाज वाटेल तर मोजतील. अशा आशयाचा ठराव करून तो तिन्ही राज्यांच्या संबंधित मंडळांकडे व डेहराडूनला पाठवावा, ही माझी सूचना. त्याचा कच्चा मसुदा मी लिहून ठेवला आहे. वार्षिक सभेपूर्वी ज्या सभासदांना तो वाचावयाचा असेल त्यांनी दुपारी चारनंतर माझ्या दुकानी यावे; त्या वेळी काटा बंद असतो आणि आजोबांची ती चोपडीही पाहावयास मिळेल.